मुकी डबी

माझा दीर निवृत्ती बोलताना माणसाच्या तोंडाकडं बघत नाही. हातातल्या पाटीकडं बघतो. मी दारात उभी राहून विचारावं, "भावजी, चहा टाकू का?" आणि यानं काचेच्या पाटीवर बोट फिरवत म्हणावं, "हां हां वैनी, बघतो." चहात काय बघायचं असतं? माझा फोन तर तो उचलतच नाही. सरपंचाचा उचलतो, तालुक्याच्या साहेबाचा उचलतो, पुण्याच्या पाहुण्यांचा तर पहिल्या घंटीला उचलतो. थोरल्या भावाच्या बायकोचा फोन आला की म्हणे रेंज जाते. अकरा वर्षं त्याची आई माझ्या घरात आहे. तिचं न्हाणं-धुणं, तिच्या कवळीची वाटी, तिचे बहिरे कान, तिच्या शिव्या, सगळं माझ्याकडं. हा सणाला येतो, उंबऱ्यावरनंच पाया पडतो आणि जाताना माझ्या झाडाचे पेरू मात्र न विसरता नेतो.

एवढ्यावर मी त्याला सोडून दिलं असतं. असले दीर घरोघरी असतात. पण त्यानं पुढं जे केलं ते घरोघरी होत नाही, म्हणून सांगायला बसले.

आमची भेकरवाडी डोंगराच्या पाठीवर बसलेली. बेचाळीस घरं. एकेचाळीस खालच्या अंगाला सडकेजवळ, आणि बेचाळिसावं माझं, वर एकटं, उताराच्या तोंडाशी. भोवती कुसळी गवत. पावसाळ्यात म्हशीच्या पाठीइतकं वाढतं आणि माघापर्यंत असं वाळतं की पाय ठेवला तरी करकर वाजतं. माझ्या लग्नाच्या वेळी वणवा चैत्रात लागायचा. आता पाऊस लवकर आटपतो, ऊन लवकर चढतं, आणि वणवा माघ-फाल्गुनातच येऊन उभा राहतो. तीन सालांमागं पलीकडच्या खोऱ्यात सात माणसं गेली. त्यांतली पाच चढावर पळताना गेली.

आमच्या गावात याला एक रीत होती. माघी पुनवेनंतर, पहाटेचं दंव गवतावर असतानाच, गावाभोवती जाळपट्टा काढायचा. घरटी एक माणूस, हातात निरगुडीची ओली फांदी. वीस-पंचवीस हात रुंदीचं गवत आपणच पेटवायचं आणि आपणच झोडपून विझवायचं. मग वणवा आला तरी काळ्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरतो. पट्ट्याचा पहिला विस्तव आमच्या शेलारांच्या थोरल्या चुलीतला. सासरे होते तोवर त्यांच्या हातानं, मग माझ्या मालकांच्या, आणि मालक गेल्यावर माझ्या. बाईच्या हातचा विस्तव काही जणांना टोचला. पण चूल थोरली होती आणि तोंड माझं होतं, त्यामुळं कुणी बोललं नाही.

दोन हजार अडतीस साली गावात 'राखण' आली. राखण म्हणजे यंत्र. ते घेऊन आलेली बाई इरावती कुडाळकर, तिशीची, पायात बूट, डोक्याला रुमाल. शाळेच्या पडवीत तिनं सगळ्यांना बसवलं आणि मला म्हणाली, "आजी, आग कशी धावते माहितीय?"

"आजी तुमच्या घरी. मला आक्का म्हणा," मी म्हणाले. "आणि आग पायानं धावते."

सगळे हसले. तीही हसली, म्हणून मला ती आवडली. तिनं काडी ओढली आणि जळतं टोक वर धरलं. ज्योत सावकाश खाली सरकत विझली. दुसरी काडी ओढली, जळतं टोक खाली धरलं. ज्योत एका झटक्यात तिच्या बोटांना भिडली.

"हे बघा आक्का. टोक खाली असलं की ज्योत वरच्या लाकडाला चाटते. ते आधीच तापतं, त्यातला ओलावा उडतो, धुरकट वायू सुटतो, आणि खरं तर तो वायूच भडकतो. डोंगराचंही तसंच. चढावर ज्योत पुढच्या गवतावर झुकते आणि ते पेटायच्या आधीच भाजून काढते. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट. म्हणून वणव्यापुढं वर पळणारा माणूस वाचत नाही."

मग तिनं यंत्र समजावलं. झाडाझाडाला बसवायची नाकं. डोळ्याला धूर दिसायच्या कितीतरी आधी या नाकांना वास लागतो. गवत किती वाळलंय, वारा कुठला, तेही तीच सांगतात. मग राखण मनातल्या मनात तो वणवा दहा हजार वेळा पेटवून बघते, अर्ध्या मिनिटात. कुठल्या वाटेनं येईल, कुठं थांबवता येईल. आणि जिथं थांबवायचा तिथलं गवत आधीच पेटवून देते. त्यासाठी ड्रोन. गावानं त्यांचं नाव भुंगे ठेवलं. भुंग्याच्या पोटातनं बोराएवढ्या गोळ्या पडतात. गोळीत भुकटी असते, पडायच्या आधी सुईनं तिच्यात एक पातळ औषध टोचलं जातं, आणि अर्ध्या मिनिटात गोळी आपोआप पेटते.

"मोठी आग बुडाशी हवा ओढून घेते," इरावती म्हणाली. "तिच्या समोर लहान आग लावली की ती मोठीकडंच ओढली जाते. दोघी भेटतात, खायला काही उरत नाही, दोघी मरतात."

"म्हणजे आमचा जाळपट्टाच की. फक्त ऐन वेळेला."

"अगदी तेच, आक्का."

"पण समोरचं गवत कुणाचं तरी असतंय. कुणाचं जाळायचं ते कोण ठरवणार?"

इरावतीनं रुमाल सोडला, परत बांधला. "यंत्र ठरवतं. आधी माणसं वाचवायची, मग जनावरं, मग घरं, मग झाडं. म्हणून कुठल्या घरात कोण आहे हे त्याला रोज कळलं पाहिजे. घराच्या आत बघायची त्याला परवानगी नाही. प्रत्येक घरात एक डबी बसवू. ती रोज अकरा वाजता विचारेल, घरात कोण कोण आहे? तुम्ही सांगाल ते ती खरं धरेल."

"आन् कुणी खोटं सांगितलं तर?"

"खोटं कशाला सांगेल कुणी? स्वतःच्या जिवाचा प्रश्न आहे."

शिकलेल्या माणसांची मला कधी कधी कीव येते. "स्वतःच्या जिवाबद्दल कोण खोटं बोलतंय, बाई," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या जिवाबद्दल बोलत्यात."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. पण लिहून घेणं वेगळं आणि समजणं वेगळं.

गावातनं एक राखणदार नेमायचा होता. घरांची नोंद, गवताची नोंद, सगळं त्याच्या पाटीवर. निवृत्ती बारावी पास, इस्त्रीचा शर्ट, त्यालाच नेमला. पाटी हातात आली आणि दुसऱ्याच माघात ग्रामसभेत उभा राहून म्हणाला, "आता जाळपट्टा बंद. यंत्र हाय. वैनी, तुमची चूल आता चहापुरती ठेवा."

गाव खो खो हसलं. ज्यांच्या बाळंतपणात मी रात्री जागवल्या त्याही पदराआड हसल्या. मी काही बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा पूर्वी गाव दबकून असायचं. यंत्र आल्यापासून भ्यायचंच विसरलं होतं.

आता डबीचं सांगते. एकेचाळीस साल उजाडेपर्यंत सगळ्यांच्या डब्या नीट बोलत होत्या. त्या हंगामात माझी मुकी झाली. खालच्या आळीत अकराच्या ठोक्याला एकेचाळीस डब्यांचा आवाज उठायचा, "घरात कोण कोण आहे?" आणि बायका भाकरी थापता थापता ओरडून सांगायच्या. माझी डबी भिंतीवर पालीसारखी गप्प. मी निवृत्तीला गाठलं.

"भावजी, माझी डबी विचारत न्हाई."

"उंचावर हाय ना घर. रेंज न्हाई. बघतो."

"वारा, वास, पाऊस सगळं उंचावर आधी कळतंय. एक रेंजच तेवढी खालीच राहती व्हय?"

"बघतो म्हटलं ना वैनी." बोट पाटीवर.

माझ्या उताराच्या खालच्या टोकाला, ओघळीच्या अलीकडं, त्यानं चौदा तंबू ठोकले होते. पुण्याची माणसं येऊन झोपायची, पिठलं खाऊन फोटो काढायची. फाटकावर सागवानी पाटी, कोरीव अक्षरं: 'आईची सावली'. आई इकडं माझ्या पडवीत खुर्चीवर बसून त्याच सावलीकडं बघत विचारायची, "निवृत्ती जेवला का गं?"

त्या माघात मी एकटीनं पट्टा काढला. चुलीतला विस्तव घमेल्यात घेतला आणि पाच सकाळी, दंव असताना, माझ्या दारापासनं निवृत्तीच्या कुंपणापर्यंतचा उतार हात-हात करत काळा केला. पट्टा कसला, दीड एकराचं रानच. आत्याबाईंची, म्हणजे सासूची, खुर्ची रोज पुढं पुढं सरकवायची. त्र्याण्णव वर्षांची म्हातारी, ऐकू शून्य, पण नजर घारीची. "डावीकडं झोड गं बावळट! पदर खोच! तुझ्या सासऱ्यानं हे एका सकाळी केलं असतं!" सासऱ्यांनी चाळीस माणसं घेऊन केलं असतं, पण ते कोण बोलणार.

त्याच आठवड्यात गवताची गंजी आणि सरपण घरापासनं लांब नेलं. कौलांवरचा पाला झाडला. पाण्याची दोन पिंपं भरून दाराशी ठेवली, त्यांत पोती भिजत घातली. नायलॉनच्या साड्या ट्रंकेत टाकल्या, कारण त्या अंगाला चिकटून जळतात. सुती लुगडं आणि दोन घोंगड्या बाहेर काढल्या. घोंगडी पटकन पेट घेत नाही.

मग निवृत्तीला वाटेत उभा केला. "भावजी, माझा पट्टा झाला. दारापास्नं तुमच्या कुंपणापतोर. लिवून घ्या."

"लिवला."

त्यानं तोंड वर करून उतार काळा आहे की पिवळा एवढं बघितलं असतं तरी मला पुरलं असतं.

धुळवडीनंतरचा तिसरा दिवस. दुपारचे दोन. मी ताक घुसळत होते. पठाराच्या पलीकडं, पवनचक्क्यांच्या बुडाशी कुणीतरी गवत पेटवलं होतं. जाळलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं, ही आमच्या डोंगरातली जुनी खुळी समजूत. यंत्रं आली, समजूत गेली नाही. पश्चिमेचा वारा सुटला होता.

खालच्या आळीत एकदम एकेचाळीस डब्या बोलायला लागल्या. "वणवा. पंचवीस मिनिटं. घर बंद करा. सडकेनं खाली निघा. चढावर जाऊ नका." बायापोरं, शेरडं, सगळी सरावानं सडकेला लागली. मी माझ्या डबीपुढं जाऊन उभी राहिले. ती गप्प.

"मेले, तुला काय झालंय?" मी म्हणाले. मग तिचा नाद सोडला.

दारं-खिडक्या लावल्या. फटींत ओली पोती कोंबली. बानू म्हशीचं दावं सोडलं. आत्याबाईंना पाठुंगळी घेतलं, हाडांचा भाराच नुसता, आणि काळ्या उताराच्या मधोमध नेऊन खुर्चीवर बसवलं, अंगावर ओली घोंगडी. सडकेपर्यंत तिला पाठीवर नेणं मला झेपलं नसतं. आणि जळलेलं रान दुसऱ्यांदा जळत नाही, हे कळायला मला शाळेत जावं लागलं नव्हतं.

"शिमगा परत आला का गं?" आत्याबाईंनी विचारलं.

तेवढ्यात भुंगे आले. दहा-बारा. मला वाटलं गावाकडं जातील. ते माझ्याच उतारावर फिरले आणि गोळ्या टाकायला लागले. माझ्या उतारावर! काळ्या राखेत गोळी पडायची, फुरफुरायची, वितीएवढा जाळ करायची आणि खायला काही नाही म्हणून मरायची. एक माझ्यापासनं दहा हातांवर पडली. मी खडा उचलून भुंग्याला मारला. तो हवेतच थबकला, खाली आला, आणि त्याचा काचेचा डोळा माझ्याकडं, आत्याबाईंकडं, बानूकडं फिरला. मग सगळेच भुंगे गोळ्या टाकायचे थांबले.

फोन वाजला. "गजराबाई शेलार? मी इरावती. आक्का, तुम्ही तंबूत आहात ना? तंबूतच बसून का राहिलात? हलत का नाही? आणि वर उतारावर माणसं दिसतायत ती कोण?"

"कसला तंबू? मी माझ्या घराच्या उतारावर उभी हाय, सासूबाईंना घेऊन. आन् तुमचे भुंगे माझ्या अंगावर जळतं टाकायला लागलेत!"

मग तिचा आवाज आला, पातळ झालेला. "आक्का, तुमचं घर यंत्रात रिकामं आहे. जानेवारीपासून. उतारावर उभं गवत आहे अशी नोंद आहे. तुम्ही आणि तुमच्या सासूबाई 'आईची सावली'मध्ये राहता. रोज अकराला तिथल्या डबीला उत्तर येतं, 'तिघं. मी, आई, वैनी.'"

ऐकताना वणव्याची धग अजून लांब होती, पण माझे कान भाजले. घर रिकामं म्हणून डबी मुकी, आणि घर रिकामं म्हणूनच यंत्रानं जाळायला माझा उतार निवडला. तंबूत तीन माणसं म्हणून तंबू वाचवायला निवडले. माझा पट्टा लिहिला नाही, कारण रिकाम्या घरातलं कोण येऊन गवत जाळणार? लिहिला असता तर त्याचं खोटं उघडं पडलं असतं. चौदा तंबूंसाठी त्यानं मला आणि स्वतःच्या आईला आमच्या घरातनं पुसून काढलं होतं. आणि रोज अकराला, इस्त्रीचा शर्ट घालून, आमच्या नावानं हजेरी लावत होता.

"आक्का, ऐका," इरावती घाईनं बोलत होती. "तुमचा उतार आधीच काळा आहे हे यंत्राला माहीत असतं तर गोळ्या ओघळीच्या पलीकडं टाकून सगळंच वाचवता आलं असतं. आता तेवढा वेळ नाही. वणवा तुमच्या पट्ट्याला वळसा घालून ओघळीतनं खाली घुसेल, थेट गावात. सडकेवर अजून माणसं आहेत. एकच जागा उरलीय. तंबूंची ओळ. तिथून समोर आग लावायची. नऊ मिनिटं आहेत. धुरामुळं भुंग्यांना तिथलं दिसत नाही. तुम्हाला दिसतं? तंबूत कुणी आहे का?"

मी बघितलं. धूर वाऱ्यानं फाटला आणि फाटकाशी निवृत्तीची लाल गाडी दिसली. पाहुणे त्या आठवड्यात नव्हते. तो एकटाच एका तंबूतनं दुसऱ्यात पळत होता, हातात गाद्या.

"आक्का? तंबू रिकामे आहेत का?"

खोटं कशाला बोलू. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. त्यानं माझ्याबद्दल जो सांगितला तोच मी त्याच्याबद्दल सांगायचा. एकच शब्द. यंत्रानं खरं धरला असता. इरावतीनं धरला असता. उद्या गावानं म्हटलं असतं, धुरात म्हातारीला दिसलं नसेल. मी चार श्वास घेतले. त्या चार श्वासांत मी त्याला चार वेळा जाळला.

मग मनात आलं, जळून गेला तर सुटला. फोटोला हार, तेराव्याला पंगत, आणि गाव म्हणणार, बिचारा आईच्या नावाचे तंबू वाचवायला गेला. मी त्याला बिचारा होऊ देणार? मला तो जिवंत पाहिजे होता.

"एक माणूस हाय," मी म्हणाले. "तिघं न्हाईत, एक. काढते बाहेर. मी सांगितल्याबिगर जाळू नका."

त्याला फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. वणवा येऊन ठेपलाय आणि तरी त्यानं माझा फोन उचलला नाही!

"निवृत्ती जेवला का?" आत्याबाईंनी घोंगडीतनं विचारलं.

"आता वाढते त्याला," मी म्हणाले आणि दुसरी ओली घोंगडी घेऊन निघाले.

माझा काळा उतार त्याच्या कुंपणापर्यंत जात होता, म्हणून चालता आलं. पायाखाली राख, उजवीकडं ओघळीत भडभड आवाज. तारेपाशी पोचले तेव्हा त्यानं गाद्या टाकून दिल्या होत्या आणि तो वरच्या पायवाटेकडं पळत सुटला होता. चढाकडं! बारावी पास माणूस. काडी कशी जळते हे पडवीत त्याच्याही डोळ्यांसमोर दाखवलं होतं, पण तेव्हाही तो पाटीच बघत असणार.

"भावजी! वर न्हाई! वर मराल! हिकडं, काळ्यात या!"

तो थांबला, वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. पायवाटेच्या माथ्यावर गवत अजून पेटलं नव्हतं, पण त्यातनं धूर निघायला लागला होता. तो वळला आणि तारेखालनं सरपटत माझ्या राखेत आला. शर्ट फाटला, भुवया भाजल्या. काखेत काहीतरी घट्ट धरलेलं. मी त्याच्यावर ओली घोंगडी टाकली, मानेला धरून खाली बसवलं. तेव्हा दिसलं काखेत काय ते. फाटकावरची सागवानी पाटी. 'आईची सावली'.

मी फोन त्याच्या कानाजवळ धरला, त्याला ऐकू जावं म्हणून. "इरावतीबाई, माणूस बाहेर काढला. आता तंबू रिकामे. जाळा."

भुंगे आले. मी त्याचं तोंड धरून तिकडं फिरवलं. गोळ्या पडल्या, अर्धं मिनिट काहीच नाही, आणि मग चौदा तंबू एकामागनं एक असे उठले की जणू कुणी हाक मारून उठवलं. त्यांची आग ओघळीकडं ओढली गेली, समोरनं मोठी आली, दोघी भेटल्या, आभाळभर एकच गरगरता लाल जाळ झाला आणि बसला. खालची एकेचाळीस घरं वाचली. माझंही वाचलं. माझ्या अंगाखांद्यावरनं राख पडत होती आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

"वैनी," तो घोंगडीतनं म्हणाला. "वेळ आली की मी तुमाला आन् आईला न्यायला येणारच व्हतो."

"वेळ आली की. मग आज काय आलं व्हतं, पाहुणा?"

तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पुढं महिनाभर सगळे यायचे. इरावती आली, रडली, माझ्या पडवीत बसून ताक प्यायली. म्हणाली, "आक्का, आता एका माणसाच्या शब्दावर नोंद नाही. शेजाऱ्यानंही सांगायला पाहिजे, असं करतेय." मी म्हणाले, "उशिरा का होईना, काडी पेटली तुमची." तक्रार कर, असं सरपंच म्हणाला. मी नको म्हटलं. तारखा पडणार, वकील बोलणार, आणि हा खाली मान घालून पाटीकडं बघत बसणार. माझं मला करायचं होतं.

चैत्रात ग्रामसभा झाली. निवृत्तीची पाटी काढून घेतली. कुणाला द्यायची म्हणून सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी उठले, गेले आणि घेतली. "तिसरी शिकलीयस तू, आक्का," मागनं कुणीतरी म्हणालं. "व्हय," मी म्हणाले, "आन् तुमी वाचलात ते माझ्या चहापुरत्या चुलीवर." यावेळी कुणी हसलं नाही.

वैशाखात नव्या नोंदीला मी घरोघर फिरले. निवृत्तीचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. बायको पोराकडं पुण्याला, तो एकटाच. सोप्यात बसला होता, भुवयांना नवे केस फुटलेले. मागं सगळी आळी जमली होती. मी जमू दिली. तो खाली बघायला लागला. हातात आता पाटी नव्हती, म्हणून नुसत्या तळहाताकडं बघत होता.

"वैनी, काय लिवताय?" त्यानं विचारलं. आवाज बारीक. "माझ्या घरापुढं काय लिवताय?"

"भावजी, तळहातावर काही दिसत न्हाई. माझ्या तोंडाकडं बघा आन् ऐका. आजपास्नं पाऊस पडेतोवर, आन् पुढं दर साली माघ ते मिरग, रोज सकाळी अकराला तुमी चढ चढून माझ्या दारात यायचं. गाडीनं न्हाई, पायी. माझ्या डबीपुढं उभं राहायचं. ती विचारंल, घरात कोण कोण आहे? तुमी सांगायचं, माझी आई आहे, माझी वैनी आहे. आई बहिरी हाय, तवा तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. खाली आळीलाबी ऐकू गेलं पायजे. माघी पुनवंला माझ्या चुलीचा विस्तव तुमच्या डोईवर, आन् गावाभोवतीचा पट्टा तुमच्या पायांनी, अनवाणी. पेरू न्यायचे तर आईच्या हातनं मागून घ्यायचे. तुमाला मी आगीतनं काढलं ते ह्याच्यासाठी. माफ करायला न्हाई. आन् ज्या दिवशी अकराला तुमचं पाऊल माझ्या दारात दिसणार न्हाई, त्या दिवशी ह्या घरापुढं काय भरायचं ते माझं ठरलंय. मला तिसरीपतोरचीच अक्षरं येत्यात, भावजी. पण एक शब्द मी महिनाभर ह्या पाटीवर घोटून घोटून पक्का केलाय, आन् तुमच्या घरापुढं लिवला तर तो खोटाबी ठरणार न्हाई. रिकामं."